कलायखंज

कलायखंज (लॅथिरिझम) हा लाखेची डाळ (लाखोळी) दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्याने होणारा चेतासंस्थेचा विकार आहे. यात दोन्ही पाय ताठरतात आणि रुग्णाला काठीच्या आधाराने चालावे लागते. बुद्धी शाबूत राहते. इतर पिके बुडाली तरी लाख तग धरते, त्यामुळे या विकाराच्या साथी प्रामुख्याने टंचाईच्या काळात आढळल्या आहेत. पूर्व विदर्भात भाताच्या शेतातील उरलेल्या ओलाव्यावर हे पीक घेतले जाते.

कारण

लाखेच्या बियांतील बीटा-ओडॅप हे अमिनो आम्ल या विकारास कारणीभूत मानले जाते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा व सरमा यांनी १९६४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. ग्लुटामेट या चेतापारेषकाशी साम्य असल्याने ते चेतापेशींना अतिउत्तेजित करते.

तंतुकणिकांची हानी

पेशीला लागणारी बहुतांश ऊर्जा तंतुकणिकांत तयार होते. या प्रक्रियेत काही इलेक्ट्रॉन निसटून ऑक्सिजनशी संयोग पावतात व क्रियाशील संयुगे बनतात. ग्लुटाथायोनसारखी द्रव्ये त्यांना निष्प्रभ करतात. हा समतोल ढळला की प्रथिनांचे ऑक्सिडीकरण होते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत विजयालक्ष्मी रवींद्रनाथ व सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत, बीटा-ओडॅपमुळे तंतुकणिकांतील ‘संकुल १’ हे विकर निकामी होत असल्याचे दिसले. त्यातील गंधकयुक्त थायॉल गटांचे ऑक्सिडीकरण हे त्याचे कारण होते आणि ही हानी चेतापेशींचा ऱ्हास होण्यापूर्वीच घडत होती. कंपवातातही (पार्किन्सन रोग) याच संकुलाची कार्यक्षमता घटलेली आढळते.

उपचार

उंदरांना अल्फा-लिपोइक आम्ल दिल्यास संकुल १ चे रक्षण होते. तथापि मानवी कलायखंजावर खात्रीचा उपचार नाही. स्नायूंचा ताठरपणा औषधांनी कमी करता येतो, पण नष्ट झालेल्या चेतापेशी परत मिळत नाहीत. कंपवातात तंतुकणिकांपर्यंत पोहोचणाऱ्या ‘मायटोक्यू’ या प्रतिऑक्सिडीकारकाची चाचणी झाली, परंतु २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोगाची गती मंदावली नाही.

प्रतिबंध

त्यामुळे प्रतिबंधालाच महत्त्व आहे. डाळ भिजवून पाणी टाकून दिल्यास विषद्रव्य घटते, मात्र पूर्णतः जात नाही. आहारात तृणधान्यांचा समावेश असल्यास धोका कमी होतो. ‘रतन’ व ‘प्रतीक’ ही कमी विषद्रव्याची वाणे विकसित झाली आहेत. १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांन्वये लाखेच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली.