औषध चाचणीतील वारंवारता सारणी

शालेय गणितात ताळ्याच्या खुणा करून मांडलेली वारंवारता सारणी अनेकांना आठवत असेल. नव्या औषधाच्या चाचणीचे फलित प्रथम अशाच सारणीतून दिसते. मात्र येथे प्रत्येक खूण म्हणजे एक रुग्ण असतो.

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. १९४८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्या योजनेनुसार फुप्फुसाच्या क्षयाचे १०७ रुग्ण यादृच्छिक पद्धतीने विभागण्यात आले. ५५ जणांना विश्रांतीबरोबर औषध मिळाले, ५२ जणांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांनंतर प्रत्येकाची नोंद एकाच वर्गात झाली. लक्षणीय सुधारणा, अल्प वा मध्यम सुधारणा, बदल नाही, अल्प वा मध्यम बिघाड, लक्षणीय बिघाड आणि मृत्यू असे हे सहा वर्ग. क्ष-किरण चित्रे पाहणाऱ्या तज्ज्ञांना रुग्णाचा गट ठाऊक नव्हता.

औषधाच्या गटातील संख्या अनुक्रमे २८, १०, २, ५, ६ व ४. दुसऱ्या गटातील ४, १३, ३, १२, ६ व १४. बेरीज बरोबर ५५ आणि ५२ येते. ती जुळली नाही, तर कोणी तरी सुटले आहे किंवा दोनदा मोजले गेले आहे. गट असमान असल्याने तुलना टक्केवारीने करावी लागते. मृत्यूचे प्रमाण औषधाच्या गटात ७ टक्के, तर दुसऱ्यात २७ टक्के होते.

खरी मेख भागाकारात आहे. मृतांना वगळून केवळ हयात रुग्णांवर टक्केवारी काढली, तर औषधाविना सुधारलेले १७ जण ५२ पैकी नव्हे, ३८ पैकी ठरतात. प्रमाण ३३ वरून ४५ टक्क्यांवर जाते, आणि तेही एकही रुग्ण अधिक बरा न होता! म्हणूनच छेदस्थानी गटाची मूळ संख्या ठेवावी व माहिती न मिळालेल्यांसाठी स्वतंत्र ओळ द्यावी.

दुष्परिणामांची सारणी निराळी असते. एकाच रुग्णाला तीनदा उलटी झाली, तरी त्या ओळीत तो एकदाच मोजतात. मात्र त्याला चक्करही आली, तर तो दुसऱ्या ओळीतही येतो. त्यामुळे येथे बेरीज शंभर टक्के येण्याची अपेक्षा नसते.

सारणीवर कालावधी नमूद असणेही अगत्याचे आहे. स्ट्रेप्टोमायसिन एकट्याने दिल्यास क्षयजंतू त्याला दाद देईनासे होतात, हे या चाचणीतही आढळले होते. पाच वर्षांनंतर याच रुग्णांची पुन्हा मोजदाद झाली, तेव्हा मृतांची संख्या औषधाच्या गटात ३२ आणि दुसऱ्या गटात ३५ होती.