रेडमधला ‘आर’ आणि आजोबांचं शूटिंग

आजचा भाग हार्ड डिस्कच्या इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्याच एका गाढवपणापासून करावी लागेल.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी घरी कॉम्प्युटर असेंबल केला. ५०० जीबीच्या दोन डिस्क होत्या, एक नवी आणि एक मित्राकडून घेतलेली सेकंडहँड. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये रेडचा पर्याय दिसला. त्यात ‘रेड ०’ निवडलं की दोन डिस्कची मिळून एक १ टीबीची डिस्क होते आणि स्पीड जवळजवळ दुप्पट, एवढंच मला माहीत होतं. केलं. विंडोज झपकन उघडायला लागलं, आठवडाभर मी कॉलर ताठ करून फिरलो.

आठ महिन्यांनी सेकंडहँड डिस्क टिकटिक करायला लागली आणि दुसऱ्या दिवशी गप्प झाली. त्यावर आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं सगळं शूटिंग होतं. कॅमेऱ्याचं कार्ड? ते मीच ‘कॉपी झालंय, काही काळजी करू नका’ म्हणून फॉरमॅट करून काकाला दिलं होतं. रिकव्हरीवाल्याने मेलेल्या डिस्कसाठी सांगितलेला आकडा आमच्या आवाक्याबाहेरचा होता. मी म्हटलं, अहो, पण दुसरी डिस्क चालू आहे ना! तो शांतपणे म्हणाला, ‘दादा, प्रत्येक फाईलचे अर्धे तुकडे इकडे, अर्धे तिकडे. एकटीचा उपयोग नाही.’

आजोबा पुढच्या वर्षी गेले.

रेड म्हणजे नेमकं काय, हे मी त्यानंतर वाचायला बसलो. आणि कळलं की ज्या मूळ निबंधातून हे नाव आलं, त्यात रेड ० नव्हतंच.

तो निबंध आहे १९८७ चा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमधले दोन प्राध्यापक, डेव्हिड पॅटरसन आणि रँडी कॅट्झ, आणि त्यांच्यासोबत पीएचडी करणारा गार्थ गिब्सन. (पॅटरसन म्हणजे तेच, ज्यांना प्रोसेसरच्या डिझाइनवरच्या कामासाठी जॉन हेनेसींबरोबर २०१७ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं.) पुढच्या वर्षी, १९८८ मध्ये, तो शिकागोच्या सिगमॉड परिषदेत मांडला गेला.

त्यांची अडचण साधी होती. प्रोसेसर आणि मेमरी वर्षागणिक सुसाट पळत होत्या. डिस्क मात्र यंत्र आहे, त्यात तबकडी फिरते, हात पुढेमागे सरकतो. ती कितीशी पळणार? मोठ्या कंपन्या तेव्हा एकच अजस्र डिस्क वापरायच्या. निबंधात उदाहरण होतं आयबीएम ३३८० चं. १४ इंची तबकड्या, ७,५०० एमबी जागा आणि वीज ६,६०० वॅट. म्हणजे घरातले तीन गिझर एकदम लावल्यासारखं! दुसऱ्या बाजूला पर्सनल कॉम्प्युटरसाठी बनलेली कॉनर कंपनीची साडेतीन इंची डिस्क. १०० एमबी, १० वॅट. अशा ७५ डिस्क एकत्र लावल्या तर जागा तेवढीच, वीज आणि पैसे कमी, आणि ७५ हात एकदम काम करणार म्हणून वेग कितीतरी जास्त.

मग सगळे असंच का करत नव्हते? इथे निबंधातलं माझं सगळ्यात आवडतं गणित येतं. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असं धरा, म्हणजे तीन वर्षांहून थोडं जास्त. १०० डिस्क लावल्या तर त्यातली कुठली तरी एक सरासरी ३०० तासांतच जाणार. दोन आठवडेसुद्धा नाहीत! १,००० लावल्या तर ३० तास. स्वस्त डिस्कची फौज वेगवान असते, पण त्यात रोज कुणीतरी आजारी असतं.

हेच गणित दोन डिस्कला लावा: ३०,००० भागिले २. मी स्पीड दुप्पट केला नव्हता, आजोबांच्या शूटिंगचं आयुष्य निम्मं केलं होतं. तेही सेकंडहँड डिस्क धरून.

यावर बर्कलीवाल्यांनी उपाय म्हणून जास्तीची माहिती साठवायला सांगितलं. रेड या नावातला ‘आर’ तोच, रिडंडंट. म्हणजे एखादी डिस्क मेली तरी उरलेल्यांवरून तिच्यावरचं सगळं परत काढता आलं पाहिजे. त्यांनी याच्या पाच पायऱ्या मांडल्या. पहिली सरळ आहे, आरसा: जे एका डिस्कवर लिहाल ते तसंच्या तसं दुसरीवर. टँडमसारख्या कंपन्या हे सत्तरच्या दशकापासून करत होत्या. सुरक्षित, पण निम्मी जागा गेली.

दुसरी पायरी मेमरीतल्या चुका सुधारण्याच्या जुन्या पद्धतीवर बेतलेली, ती फारशी कुणी वापरली नाही. खरी गंमत तिसरीपासून पुढे आहे. समजा आपण तिघं मिसळ खायला गेलो. बिल २४० झालं. माझे ९०, तुझे ७०. तिसऱ्याने किती दिले हे कुठेच लिहिलेलं नाही, तरी ८० हे कळतंच ना? पॅरिटी म्हणजे ते बिल. सगळ्या डिस्कवरच्या शून्य-एकांचा मिळून एक हिशेब जास्तीच्या डिस्कवर ठेवायचा. कुठलीही एक मेली की उरलेल्यांवरून तिचा आकडा निघतो. दहा डिस्कला आणखी दहा लागत नाहीत, एक पुरते. ही कल्पनाही अगदी नवी नव्हती. आयबीएमच्या नॉर्मन केन ओउची यांना बंद पडलेल्या युनिटमधला डेटा परत मिळवण्याच्या पद्धतीवर १९७८ मध्ये पेटंट मिळालं होतं. बर्कलीच्या मंडळींनी या सुट्या युक्त्यांना एका रांगेत बसवलं, त्यांची गणितं मांडली आणि नाव दिलं. मला विचाराल तर नाव देणं हेही मोठं कामच आहे.

चौथ्या पायरीत एक अडचण होती. काहीही लिहायचं म्हटलं की बिलही बदलावं लागतं, म्हणजे प्रत्येक वेळी त्याच एका डिस्कवर जायचं. बँकेत दहा काउंटर आणि शिक्का मारणारा एकच, तशी रांग. पाचव्या पायरीत ते बिल सगळ्या डिस्कवर वाटून टाकलं. हेच रेड ५. कागदावरचं हे काम पुढे प्रत्यक्ष यंत्रात आलं: बर्कलीच्या पहिल्या नमुन्यात एका सन कॉम्प्युटरला २८ डिस्क जोडल्या होत्या.

निबंधातल्या हिशेबाप्रमाणे १०० डिस्कच्या अशा संचाचं सरासरी आयुष्य ३०० तासांवरून ९० वर्षांच्या पुढे जातं. पण त्यामागे एक गृहीतक आहे: मेलेल्या डिस्कची जागा एका तासात भरून निघते! डेटा सेंटरला कदाचित जमेल. आमच्याकडे डिस्क बंद पडली हे ओळखायलाच एक दिवस, नवीन यायला चार दिवस, वर आता ८ टीबीची डिस्क पुन्हा भरायला आख्खी रात्र. तेवढ्या वेळात दुसरी गेली की संपलं. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात साधारण १२.५ टीबी वाचनामागे एखादी न वाचता येणारी चूक मान्य केलेली असते, आणि मोठा रेड ५ पुन्हा भरताना तेवढं वाचन सहज होतं. म्हणून पुढे दोन हिशेब ठेवणारं रेड ६ आलं.

आणि माझं रेड ०? नुसते तुकडे वाटायचे, जास्तीचं काही ठेवायचं नाही, त्याला हा आकडा नंतर चिकटला. शून्य म्हणजे संरक्षण शून्य, इतकं स्पष्ट लिहिलं होतं हो. नावातल्या ‘आय’चीही गंमत आहे. तो मुळात ‘इनएक्स्पेन्सिव्ह’चा, म्हणजे स्वस्तचा. पुढे उद्योगाने त्याचं ‘इंडिपेंडंट’ करून टाकलं. लाखोंचं कपाट विकताना नावात ‘स्वस्त’ कसं चालणार!

आता घरी लिनक्सवर दोन ४ टीबी डिस्कचा आरसा आहे, एमडीएडीएम वापरून केलेला. दोन डिस्क मुद्दाम वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या महिन्यांत घेतलेल्या. तरी गेल्या वर्षी भावाने ‘जागा करतो’ म्हणून गोव्याच्या ट्रिपचं फोल्डर उडवलं, आणि आरशाने ते दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी उडवलं. आरसाच तो, समोर जे होईल तेच दाखवणार.

ट्रिप परत मिळाली ती तिसऱ्या डिस्कमुळे. ती साताऱ्याला मावशीकडे असते, गोदरेजच्या कपाटात, पैठणीच्या खाली. दर दिवाळीला मी नवीन कॉपी नेतो आणि जुनी परत आणतो. सहस्रचंद्रदर्शनाचे मावशीच्या जुन्या फोनमध्ये सापडलेले अकरा फोटो तिच्यावर आहेत. एकात आजोबा ओवाळणीच्या ताटाकडे बघत काहीतरी बोलतायत. काय बोलतायत, ते शूटिंगमध्ये होतं.