शाळांतील जुने संगणक आणि रूट फाइलसिस्टीमचा इतिहास

इसवी सन 2000 च्या सुमारास परदेशस्थ गोवेकरांच्या पुढाकाराने ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ या उपक्रमाने परदेशात वापरून झालेले संगणक गोव्यातील शाळांसाठी आणून त्यांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवण्यास आरंभ केला. वेगवेगळ्या बनावटीची अशी यंत्रे एकाच प्रणालीवर चालवायची, तर प्रत्येक यंत्राला चालू होताना आपली रूट फाइलसिस्टीम, म्हणजे ज्या एका मुळापासून सर्व फोल्डर आणि फाइलींच्या शाखा फुटतात ती व्यवस्था, शोधून जोडता यावी लागते.

1970 च्या दशकात बेल प्रयोगशाळेतील युनिक्समध्ये हा प्रश्न बिकट नव्हता. यंत्र व डिस्क ठरलेली असल्याने रूट कोठे आहे हे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, तयार करतानाच त्यात नोंदवले जाई. लिनक्सनेही 1991 मध्ये हीच रीत उचलली, परंतु पीसीच्या बाजारात डिस्क-नियंत्रकांचे प्रकार इतके वाढले, की सर्वांचे ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारे प्रोग्राम, कर्नलमध्ये भरल्यास तो अवजड होई आणि न भरल्यास ज्या डिस्कवर ते ड्रायव्हर ठेवलेले असत तीच डिस्क वाचता येत नसे. या कोंडीवर 1996 मध्ये ‘इनिटआरडी’ हा उपाय निघाला: बूटलोडर हा आरंभीचा छोटा प्रोग्राम कर्नलबरोबर एक लहान तात्पुरती फाइलसिस्टीम मेमरीत आणतो, तिच्यातील प्रोग्राम योग्य ड्रायव्हर चढवून खरी डिस्क जोडतो आणि मग तिच्याकडे मुळाचे स्थान सोपवतो. प्रणालीच्या इतिहासातील ही सर्वांत कल्पक पायऱ्यांपैकी एक मानावी लागेल.

गोव्यातील पेडणे, डिचोलीसारख्या तालुक्यांत पावसाळ्यात वीज गेल्यावर पुढचा प्रश्न उद्भवतो, कारण मध्येच बंद पडलेल्या डिस्कवरील नोंदी विस्कळीत राहू शकतात. म्हणून रूट प्रथम केवळ वाचण्यापुरती जोडून तपासली जाते व निर्दोष ठरल्यावरच तिच्यावर लिहिण्याची मुभा मिळते. जुन्या ‘ईएक्सटी 2’ या फाइलसिस्टीमच्या पद्धतीत ही संपूर्ण तपासणी मोठ्या डिस्कवर बराच वेळ घेई. ऑक्टोबर 2001 च्या रेड हॅट लिनक्स 7.2 मध्ये ‘ईएक्सटी 3’ ही पद्धत पूर्वनिर्धारित निवड झाली, आणि होऊ घातलेल्या बदलांची आधीच टिपणवही ठेवण्याच्या तिच्या रीतीमुळे ते काम बहुधा काही क्षणांवर आले.

डिस्कच नसलेल्या यंत्रांसाठीही मार्ग होता. सन कंपनीने 1984 मध्ये आणलेल्या ‘एनएफएस’ या पद्धतीने रूट दूरच्या सर्व्हरवरून जोडता येई, आणि 1999 मध्ये सुरू झालेल्या ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट’ने याच आधारावर जुन्या, दुर्बळ संगणकांना वर्गातील टर्मिनल म्हणून उपयोगी ठरवले. डिसेंबर 2003 मधील कर्नल 2.6 पासून इनिटआरडीची जागा हळूहळू ‘इनिटरॅमएफएस’ने घेतली, या नव्या पद्धतीत डिस्कची प्रतिमा नसून फाइलींचा संग्रह थेट मेमरीत उलगडला जातो, आणि आजच्या बहुतेक लिनक्स वितरणांचा आरंभ त्याच मार्गाने होतो.