वरच्या वर्गाचे वेगळे दार

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील येलदरी हे गाव पूर्णा नदीवरील धरणामुळे आणि त्याच्या पायथ्याच्या 22.5 मेगावॉट क्षमतेच्या जलविद्युत केंद्रामुळे महाराष्ट्राला माहीत आहे. गावाला रेल्वे नाही, त्यामुळे येथून परदेशी निघणाऱ्याला आधी एसटीने जिंतूर व परभणी, तेथून रेल्वेने मनमाडमार्गे मुंबई आणि शेवटी सहार येथील विमानतळ अशी मजल मारावी लागते. या एकाच प्रवासात त्याला प्रवाशांच्या वर्गवारीच्या तीन निरनिराळ्या व्यवस्था भेटतात: एसटीत वर्ग जवळजवळ नाहीतच, रेल्वेत ते डब्यांचे आहेत, आणि विमानतळावर ते आसनांबरोबर रांगांचेही आहेत. पहिल्या वर्गाच्या विमान प्रवाशासाठी आज जी स्वतंत्र चेक-इनची जागा (म्हणजे तिकीट व ओळखपत्र दाखवून मोठे सामान सोपवण्याची आणि बोर्डिंग पास घेण्याची जागा) व सुरक्षा तपासणीची वेगळी रांग असते, तिचा उगम शोधायचा तर विमानाच्या आधी आगगाडीकडे वळावे लागते.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे गाडी निघाली, तेव्हापासून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने उतारूंचे वर्ग पाडले होते. वर्ग म्हणजे केवळ भाड्यातील फरक नव्हे, तर स्थानकात पाऊल टाकल्यापासून डब्यात बसेपर्यंतची निराळी वाट होय, ही कल्पना मात्र स्थानकांच्या इमारतींनी रुजवली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार 1878 ते 1888 या दहा वर्षांत उभे राहिलेले व्हिक्टोरिया टर्मिनस हे त्या कल्पनेचे सर्वांत भव्य रूप. तेथे आणि पुढे लहानमोठ्या जंक्शनांवरही वरच्या वर्गाच्या उतारूंसाठी वेटिंग रूम ठेवण्यात आली; लांब हातांच्या आरामखुर्च्या, छताचा पंखा, लागून न्हाणीघर, दाराशी तिकीट पाहूनच आत सोडणारा नोकर, आणि जवळच रिफ्रेशमेंट रूम. तिसऱ्या वर्गाच्या उतारूच्या वाट्याला मुसाफिरखाना येत असे, म्हणजे चहूबाजूंनी उघडी, फरशीची मोठी पडवी, जिथे गाठोडे उशाला घेऊन रात्र काढायची. रेल्वे कंपन्यांच्या प्रवासी उत्पन्नाचा मोठा भाग याच तिसऱ्या वर्गाच्या तिकिटांतून येत होता, हे लक्षात घेतले म्हणजे या वाटणीतला अन्याय नीट दिसतो.

मराठवाड्यात ही व्यवस्था निजामाच्या राज्यातून आली. हैदराबादहून परभणी, जालना, औरंगाबाद असे करीत मनमाडला मिळणारी गोदावरी खोऱ्यातील मीटरगेज लाइन एकोणिसावे शतक संपता संपता पुरी झाली आणि परभणीचे स्थानक मुंबईच्या नकाशाशी जोडले गेले. निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे असे नाव असलेल्या या रेल्वेने वर्गांची ब्रिटिश पद्धत घेतलीच, शिवाय दरबारी समाजाच्या गरजेतून तिला एक वेगळा पदर जोडला. 1916 मध्ये बांधलेल्या काचीगुडा स्थानकात पडदानशीन स्त्रियांना लोकांच्या नजरेस न पडता गाडीत चढता यावे अशी खास सोय होती. आज विमानतळावर ज्याला एकांत किंवा खासगीपणा म्हणून विकले जाते, त्याचा हा जुना अवतार. फरक असा की काचीगुड्यात तो घराण्याच्या मानमरातबातून मिळे आणि आता तो तिकिटाच्या किमतीतून मिळतो.

परंतु तिकिटाची किंमत मोजली म्हणजे दार उघडते, हा नियमही त्या काळात सर्वांना सारखा लागू नव्हता. युरोपियनांसाठी राखून ठेवलेले डबे ही उघड गोष्ट होती. मोहनदास गांधी यांना 7 जून 1893 रोजी दक्षिण आफ्रिकेतील पीटरमॅरिट्झबर्ग स्थानकावर पहिल्या वर्गाचे तिकीट हाती असताना डब्याबाहेर काढण्यात आले. महाराष्ट्रातील अनुभव याहून जवळचा आणि अधिक बोचरा आहे. 1901 मध्ये लहानगे भीमराव आंबेडकर भावंडांसह साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला जाण्यासाठी मसूर स्थानकावर उतरले. मुलांच्या स्वच्छ कपड्यांवरून स्टेशनमास्तरांनी आधी त्यांची आपुलकीने चौकशी केली, आणि जात कळताच ते पाठ फिरवून आपल्या खोलीत निघून गेले. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. म्हणून स्थानकावरील वेगळ्या दाराचा इतिहास लिहिताना पैसा, वंश आणि जात या तिन्ही कुलपांचा विचार एकत्रच करावा लागतो. त्यांतले पहिले कुलूप तेवढे उघडपणे भावपत्रकात छापलेले असे.

गांधींनी 1917 मध्ये तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर एक छोटे पुस्तक लिहिले आणि हिशेबाचा मुद्दा मांडला: पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाचपटीहून अधिक आहे हे खरे, पण तिसऱ्या वर्गाच्या उतारूला निदान एकपंचमांश सोय तरी मिळते का? हा प्रश्न मागे पडला नाही. स्वातंत्र्यानंतर 1955 मध्ये जुना पहिला वर्ग रद्द करून दुसऱ्याला पहिला म्हणण्यात आले, इंटर क्लास (दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधला वर्ग) दुसरा झाला आणि 1974 मध्ये तिसरा वर्गच बंद झाला. यातले बरेचसे बदल पाट्यांपुरते होते, कारण लाकडी बाक लाकडीच राहिले. ते खऱ्या अर्थाने बदलण्याचे श्रेय कोकणातील राजापूरचे खासदार आणि मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलेले प्रा. मधू दंडवते यांना जाते. 1977 ते 1979 या काळात रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर दोन इंच जाडीची फोमची गादी बसवण्यास सुरुवात केली. पहिल्या वर्गाला खाली ओढण्यापेक्षा दुसऱ्या वर्गाला वर आणावे, ही त्यांची भूमिका होती. 26 डिसेंबर 1977 रोजी हावडा आणि मुंबई यांच्यात सुरू झालेली गीतांजली एक्सप्रेस तर त्यांनी वर्गविरहित गाडी म्हणूनच आणली. दोन इंच फोम ही गोष्ट ऐकायला किरकोळ वाटते, पण रात्रभराच्या प्रवासात पाठीला जे सुख कोट्यवधी माणसांना त्यातून मिळाले, त्याच्या तोडीची सुधारणा भारतीय प्रवासाच्या इतिहासात क्वचितच सापडते.

एसटीची परंपरा याहून निराळी आहे. मराठवाड्यात मोटारसेवा 1932 मध्ये निजामाच्या रेल्वेच्याच एका खात्याने सुरू केली, तर मुंबई राज्यात एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे आणि अहमदनगर यांच्यात धावली. पुढे दोन्ही प्रवाह एका महामंडळात मिळाले. साध्या लाल गाडीत पैसे जास्त देऊन पुढची जागा विकत घेता येत नाही. तिथे राखीव जागा असतात त्या स्त्रिया, अपंग, स्वातंत्र्यसैनिक, आमदार अशांच्या, म्हणजे गरजेच्या, सन्मानाच्या किंवा पदाच्या. राखीवपणाची ही सरकारी रीत पुढे विमानतळाच्या सुरक्षा तपासणीतही आढळते.

विमानाच्या बाबतीत सुरुवातीला वर्गांचा प्रश्नच नव्हता. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूच्या धावपट्टीवर उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानात टपालाच्या पिशव्या होत्या. 8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले, तेव्हा विमानात बसणारा प्रत्येकजण समाजाच्या वरच्या थरातलाच होता आणि त्याला इतरांपासून वेगळे काढण्याची गरज नव्हती. 1952 मध्ये अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांत स्वस्त दराचा टुरिस्ट वर्ग आला आणि 1958 मध्ये त्याहून स्वस्त इकॉनॉमी वर्ग आला. त्यानंतरच पहिला वर्ग हा वेगळा वर्ग म्हणून मिरवू लागला, कारण पहिल्याला पहिलेपण येण्यासाठी मागे कोणीतरी असावे लागते. 1971 मध्ये एअर इंडियाच्या ताफ्यात पहिले बोइंग 747 आले. त्याचा वरचा मजला पहिल्या वर्गाच्या प्रवाशांची बैठक म्हणून सजवला होता. जमिनीवरील बैठकीची, म्हणजे लाउंजची, कल्पना अमेरिकन एअरलाइन्सने 1939 मध्येच न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमलात आणली होती. तिच्यात आणि व्हिक्टोरिया टर्मिनसच्या वेटिंग रूममध्ये मूळ फरक काहीच नव्हता.

खरा फरक पडला तो सुरक्षा तपासणीमुळे. 30 जानेवारी 1971 रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले ‘गंगा’ हे विमान लाहोरला पळवण्यात आले, 1976 मध्ये आणखी एक विमान तेथेच नेण्यात आले, आणि 1978 मध्ये नागरी विमान सुरक्षेसाठी वेगळा कक्ष निर्माण झाला. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानाचा आकाशात स्फोट झाल्यावर 1987 मध्ये या कक्षाला स्वतंत्र खात्याचे स्वरूप मिळाले; तेच आजचे नागरी विमान सुरक्षा ब्यूरो. डिसेंबर 1999 मधील कंदाहार विमान अपहरणानंतर विमानतळांचा बंदोबस्त केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे, सोपवण्यास फेब्रुवारी 2000 मध्ये जयपूरपासून आरंभ झाला. तपासणी येण्यापूर्वी विमानतळावरचा वेळ प्रवाशाचा स्वतःचा होता. आता त्याचा एक भाग रांगेने घेतला.

ही रांग जवळून पाहण्याजोगी आहे. प्रवासी पट्टा, घड्याळ, मोबाइल, पाकीट आणि बॅगेतला लॅपटॉप प्लास्टिकच्या ट्रेमध्ये काढून ठेवतो, ट्रे क्ष-किरण यंत्रात सरकतो, तो स्वतः धातुशोधक चौकटीतून जातो आणि लाकडी चौथऱ्यावर हात पसरून उभा राहतो, जवान हातातले यंत्र त्याच्या अंगावरून फिरवतो आणि बोर्डिंग पासवर शिक्का मारतो. मुंबईसह सात मोठ्या विमानतळांवर 1 एप्रिल 2017 पासून हातातील बॅगेच्या चिठ्ठीवरील शिक्का बंद झाला, त्यापूर्वी तो विसरला तर विमानाच्या दारातून परत पाठवले जाई. चौथऱ्यावर उभा असलेला माणूस कोणत्या वर्गाचा आहे, याने तपासणीत काही फरक पडत नाही. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री अशा सूट मिळालेल्या पदांची यादी सरकारने ठरवली आहे आणि पैसे भरून त्या यादीत शिरता येत नाही. म्हणून कंपन्यांना तपासणी विकता येईना. त्यांनी तपासणीपूर्वीचे थांबणे विकायला घेतले. वेटिंग रूमने थांबण्याची सोय विकली होती, विमानतळावरच्या प्रीमियम दालनाने न थांबण्याची सोय विकली. या व्यवसायाच्या दीडशे वर्षांतील हे सर्वांत मोठे वळण म्हणावे लागेल.

त्याचे टोकाचे रूप लुफ्तान्साने डिसेंबर 2004 मध्ये फ्रँकफर्टला उभारलेल्या पहिल्या वर्गाच्या स्वतंत्र टर्मिनलमध्ये दिसते, जिथे प्रवाशाची तपासणी त्याच इमारतीत होते आणि त्याला मोटारीने थेट विमानापाशी नेले जाते. ब्रिटिश एअरवेजने 2017 मध्ये हीथ्रोच्या पाचव्या टर्मिनलमध्ये पहिल्या वर्गासाठी चेक-इन, स्वतःची तपासणी रांग आणि तेथून थेट लाउंज अशी सलग वाट काढली. मुंबईत 12 फेब्रुवारी 2014 पासून वापरात आलेल्या टर्मिनल 2 मध्ये वेगळी इमारत नाही. तेथे कंपन्यांच्या काउंटरांपैकी काही पहिल्या व बिझनेस वर्गासाठी राखलेले असतात, आणि या दोन्ही वर्गांच्या प्रवाशांना निरनिराळ्या कंपन्यांत सामाईक असे एक प्रशस्त लाउंज त्याच वर्षी सुरू झाले. याशिवाय ‘प्रणाम’ नावाची सशुल्क मदतसेवा आहे, जी साध्या वर्गाच्या तिकिटावरही घेता येते आणि पहिल्यांदाच उडणाऱ्या वृद्ध आईवडिलांसाठी परदेशातली मुले ती आवर्जून घेतात. या सेवेकडे चैन म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. खेड्यातून आलेल्या, इंग्रजी फलक न वाचता येणाऱ्या माणसाला विमानतळावर सोबतीची जी गरज असते, ती पहिल्या वर्गाच्या सराईत प्रवाशाला कधीच नसते, आणि नेमकी तीच सोबत त्याला विकत घ्यावी लागते, ही या व्यवस्थेतली उणीव आहे.

येलदरीच्या माणसाला जवळचा विमानतळ नांदेडचा. 27 एप्रिल 2017 रोजी उडान योजनेखाली नांदेड आणि हैदराबाद यांच्यात विमानसेवा सुरू झाली, तेव्हा ट्रूजेटच्या एटीआर विमानात एकच वर्ग होता. 2024 पासून तेथे स्टार एअरची एम्ब्रेअर 175 जातीची विमाने येऊ लागली आणि त्यांत पुढची 12 आसने बिझनेस वर्गाची आहेत. लहान विमानतळाला रांगा विभागण्याइतकी गर्दी होण्याआधीच वर्ग तेथे पोहोचला.

दुसऱ्या बाजूने एक निराळा प्रयोगही सुरू झाला आहे. विश्वासू प्रवाशांसाठी जलद इमिग्रेशनची (देश सोडताना व देशात येताना होणाऱ्या पारपत्र तपासणीची) योजना जून 2024 मध्ये दिल्लीत आणि 16 जानेवारी 2025 पासून मुंबईसह आणखी सात विमानतळांवर लागू झाली. आधी ऑनलाइन अर्ज केला, पडताळणी झाली व बोटांचे ठसे दिले की स्वयंचलित फाटकातून बाहेर पडता येते. या योजनेला शुल्क नाही आणि अर्जात तिकिटाचा वर्ग विचारला जात नाही. परदेशातील मुलांकडे ये-जा करणाऱ्या परभणी जिल्ह्यातील आईवडिलांनी तिचा लाभ जरूर घ्यावा, आणि अशी नोंदणी मुंबईपर्यंत न जाता नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला करता यावी, ही मागणी मराठवाड्याच्या लोकप्रतिनिधींनी लावून धरण्याजोगी आहे.