ताटाशेजारचे बदाम : दूध नसलेल्या आइस्क्रीमची जुनी अडचण

१६ व्या शतकात पोलंडमधील क्राकूव्ह शहरात रब्बी मोशे इस्सेर्लेस यांनी ज्यू आहारनियमांवरील आपल्या टिपणांत एक बारीकशी सूचना नोंदवली. मांस बदामाच्या दुधात शिजवले असेल, तर शेजारी काही अख्खे बदाम ठेवावेत. या सूचनेचा चवीशी संबंध नव्हता. पाहणाऱ्याला ते गाईचे दूध वाटले, तर यजमानाने धर्मनियम मोडला असा संशय त्याला येईल. बदाम दिसले की संशय फिटेल.

बदामाचे किंवा सोयाबीनचे आइस्क्रीम ही अलीकडच्या ‘व्हीगन’ लाटेची देणगी आहे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु या पदार्थाची मूळ अडचण त्या क्राकूव्हच्या ताटात आधीच मांडलेली दिसते. त्याची चव अशी हवी की जिभेला दुधाचा भास व्हावा, आणि त्याची ओळख अशी हवी की कोणाची फसवणूक होऊ नये. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात. आजही त्यांचे पूर्णपणे जुळलेले नाही.

प्रथम नियम समजून घेऊ. करडू त्याच्याच आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरामध्ये तीन वेळा येते. रब्बींच्या परंपरेने तिचा अर्थ विस्तारला : मांस आणि दूध एका जेवणात येऊ नये, त्यांची भांडीही वेगळी असावीत, आणि मांसानंतर दूध घेण्यापूर्वी काही काळ थांबावे. अनेक समाजांत हा काळ सहा तासांचा असतो. शब्बाथचे, म्हणजे शुक्रवारच्या रात्रीचे जेवण बहुधा मांसाहारी असते. त्यामुळे त्या जेवणानंतर आइस्क्रीमचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्या पदार्थात मांसही नाही आणि दूधही नाही, त्याला ‘पार्वे’ म्हणतात. फळे, धान्ये, भाज्या, अंडी, तेल हे सारे पार्वे. दुधाविना आइस्क्रीम बनवण्याची सर्वांत चिवट प्रेरणा या एका शब्दातून आली.

हाच नियम पाळणारा एक मराठीभाषक समाज कोकणात होता. अलिबागच्या परिसरात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे बेने इस्राएल ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. नारळ कोकणात सर्वांच्याच स्वयंपाकात असतो. या घरांत मात्र त्याच्यावर एक जादा जबाबदारी होती. मटणाच्या रश्श्याला दाटपणा द्यायचा तर दही-साय चालत नसे, नारळाचे दूध चालत असे. रोश हशाना या नववर्षाच्या सणाला होणारा चिकाचा हलवाही गव्हाचा चीक आणि नारळाचे दूध यांचाच. तो गोठवलेला पदार्थ नव्हे, हे खरे. पण पुढे आइस्क्रीमच्या कारखान्यांना जे उत्तर सापडले, ते या हलव्यात आधीपासून होते.

गोठवलेल्या पदार्थांच्या इतिहासात दूध अपरिहार्य कधीच नव्हते. १६९० च्या दशकात नेपल्समध्ये छापल्या गेलेल्या अंतोनियो लातिनी यांच्या पाकग्रंथात लिंबाचे सोर्बेत्तो आणि दुधाचे सोर्बेत्तो शेजारी शेजारी नांदतात. ‘सोर्बेत्तो’ आणि ‘शरबत’ या एकाच कुळातल्या शब्दांतही दुधाचा मागमूस नाही. मात्र पुढे मलईदार प्रकार प्रतिष्ठेचा ठरला, आणि ज्यात दूध नाही त्याला दुधाची नक्कल करणे भाग पडले.

त्या नकलेची एक आरंभीची लेखी नोंद अमेरिकेतील आहे. १८९९ मध्ये मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथून अल्मेडा लॅम्बर्ट यांचे कठीण कवचाच्या फळांच्या पाककृतींचे पुस्तक निघाले. बॅटल क्रीक हे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे, म्हणजे शाकाहाराचा पुरस्कार करणाऱ्या ख्रिस्ती लोकांचे केंद्र होते. शेंगदाणे आणि तत्सम बियांच्या दुधापासून आइस्क्रीम करण्याची कृती त्या पुस्तकात आहे. प्रेरणा पुन्हा धार्मिकच, फक्त धर्म वेगळा.

विसाव्या शतकात सोयाबीन आले आणि गाडी चवीपाशी अडली. सोयाबीन पाण्यात वाटले की त्यातील लिपॉक्सिजिनेज नावाचे विकर स्निग्धांशाचे ऑक्सिडीकरण करते, आणि कच्च्या शेंगेसारखा उग्र दर्प निर्माण होतो. पूर्व आशियात ही चव अनेकांच्या अंगवळणी पडलेली होती. अमेरिकी जिभेला ती सहन होत नव्हती. १९६७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की ८० अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या पाण्यात दाणे वाटल्यास विकर निष्क्रिय होते आणि दर्प टळतो. उपाय एवढाच होता, पण सोयाच्या पुढच्या वाटचालीत तो मोलाचा ठरला.

चव सुधारली तरी पोत उरतोच. आइस्क्रीम म्हणजे बर्फाचे सूक्ष्म स्फटिक, हवेचे बुडबुडे, साखरेचा पाक आणि स्निग्धांश यांची बांधणी. सोयाबीनचे तेल थंडीतही बरेचसे पातळ राहते, त्यामुळे ते बुडबुड्यांना आधार देत नाही. खोबरेल मात्र सुमारे २४ अंशांवर वितळते. म्हणजे ते शीतपेटीत घट्ट असते आणि जिभेवर विरघळते. घोटीवपणासाठी बहुतेकदा गवारीच्या बियांचा डिंक लागतो, आणि ती गवार मोठ्या प्रमाणावर राजस्थानात पिकते. थंडीने गोडीची जाणीव मंदावते, म्हणून साखरही सढळ हाताने घालावी लागते. वितळलेले आइस्क्रीम अति गोड लागते, त्याचे कारण हेच.

१९७० च्या दशकात टेनेसीतील ‘द फार्म’ या शाकाहारी वसाहतीने सोयाचे ‘आइस बीन’ विकायला काढले. मोठे बाजारी यश मात्र न्यूयॉर्कमध्ये कोशेर खाद्यगृह चालवणाऱ्या डेव्हिड मिंट्झ यांना मिळाले. मांसाहारी जेवणानंतर ग्राहकांना खरे वाटेल असे मलईदार मिष्टान्न द्यावे, ही त्यांची व्यावसायिक गरज होती. टोफूवर कित्येक वर्षे प्रयोग करून १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी ‘टोफुट्टी’ बाजारात आणले. लुबाविच पंथाचे प्रमुख रब्बी मेनाखेम मेंडेल श्नेअरसन यांचे प्रोत्साहन आपल्याला लाभल्याचे ते सांगत. ज्यांना दुधातील साखर पचत नाही अशांनी आणि व्हीगनांनी पुढे हा पदार्थ आपलासा केला. पण तो जन्मला कोशेर ताटासाठी.

इथे जुना संशय नव्या रूपात परततो. चव जितकी हुबेहूब, तितकी नावाची तक्रार तीव्र.

भारतातला अनुभव तर अधिकच गुंतागुंतीचा आहे. आपल्या नियमांनुसार साध्या ‘आइस्क्रीम’मध्ये किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश असावा लागतो. त्याऐवजी वनस्पती तेल वापरले की पदार्थ ‘फ्रोझन डेझर्ट’ ठरतो. अनेकजण या शब्दाचा अर्थ ‘दूधविरहित’ असा लावतात, आणि तिथेच फसतात. बाजारातील बहुतेक फ्रोझन डेझर्टमध्ये दुधाची भुकटी किंवा दुधाचे अन्य घन घटक असतात. फक्त लोणी गेलेले असते, दूध गेलेले नसते. दुधाची ॲलर्जी असणाऱ्याने ही दोन नावे एक मानली, तर ते जिवावरही बेतू शकते. म्हणून पाकिटावरील घटकांची यादीच वाचावी.

या दोन नावांवरून अमूलच्या जाहिराती आणि हिंदुस्थान युनिलिव्हर यांच्यातील वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. जाहिरातींचा रोख असा होता की खरे आइस्क्रीम दुधाचे, आणि फ्रोझन डेझर्ट म्हणजे वनस्पती तूप. जून २०१७ मध्ये न्यायालयाने त्या जाहिराती दाखवण्यास मनाई केली. भांडण दुधाच्या अस्सलपणावरून होते खरे, पण ज्याला दूध अजिबात चालत नाही अशा खाणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही बाजू दुधाच्याच होत्या.

त्याच महिन्यात लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने ‘टोफूटाउन’ या जर्मन कंपनीविरुद्धच्या खटल्यात निकाल दिला. ‘दूध’, ‘लोणी’, ‘चीज’ ही नावे केवळ प्राण्यांच्या दुधापासून बनलेल्या पदार्थांनाच लावता येतील, सोबत ‘सोया’ किंवा ‘टोफू’ असे स्पष्ट लिहिले तरी नाही. अपवाद ठेवले गेले ते फक्त रूढ नावांच्या ठरलेल्या यादीतले. त्या यादीत नारळाचे दूध आहे. फ्रेंच, स्पॅनिश आणि इटालियन नावांत बदामाचे दूधही आहे, कारण तिथे ते शतकानुशतके त्याच नावाने विकले जात आले. सोयाबीनला मात्र तो मान मिळालेला नाही.