तिबेटवर बोलणे हा बाबासाहेबांचाच वारसा

पुण्यात आम्ही तिबेटचा विषय काढला की काही कार्यकर्ते म्हणतात, "तो चीनचा अंतर्गत प्रश्न, आपले इथले प्रश्न काय कमी आहेत?" त्यांनी इतिहास पाहावा. १९५० साली चिनी सैन्य तिबेटात घुसले. एप्रिल १९५४ मध्ये भारताने चीनशी पंचशील करार केला. २६ ऑगस्ट १९५४ रोजी बाबासाहेब राज्यसभेत कडाडले. पंचशील बुद्धाचे, माओंचा त्यावर विश्वास असता तर त्यांनी आपल्या देशातील बौद्धांना वेगळे वागवले असते, आणि ल्हासा घेऊ देऊन पंतप्रधानांनी चीनची सीमा भारताला आणून भिडवली, असे त्यांनी सुनावले. चारच महिन्यांनी, २५ डिसेंबरला, त्यांनी देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली. त्या मूर्तीला आपण वंदन करतो, ते भाषण मात्र विसरतो.

२००१ मध्ये डर्बनच्या वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न नेला. तेव्हा भारत सरकारनेही 'अंतर्गत प्रश्न' हीच ढाल पुढे केली. ती आपण नाकारली. मग आज तीच ढाल चीनच्या हाती कशी द्यायची? आणि हाच न्याय बौद्धबहुल म्यानमारलाही लागू आहे: रोहिंग्यांवरील अत्याचारांवर आपण बौद्धांनी गप्प बसू नये.

जय भीम!