ऑटिझम असलेल्या मुलांसाठी व्यायाम : कुंडलच्या घरांत काय करता येईल?

कुंडल म्हटलं की कुस्तीचं मैदान आठवतं. पलूस तालुक्यातल्या या गावात जोर-बैठका म्हणजे काय हे कोणाला सांगावं लागत नाही. पण गर्दीचा आवाज वाढला की कान झाकून घेणारं, हाक मारली तरी न वळणारं, रोजचा रस्ता बदलला तर बराच वेळ रडणारं मूल मैदानापर्यंत पोहोचतच नाही. घरचे म्हणतात हट्टी आहे, शेजारी म्हणतात नजर लागली. यामागे ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असू शकते.

ऑटिझम हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे. आईच्या संगोपनात काही चुकलं म्हणून तो होत नाही. हे आधीच सांगतो, कारण आपल्याकडे पहिलं बोट अम्मीकडेच जातं. या मुलांना भावना नसतात, हाही गैरसमज. भावना असतात, कधी कधी फारच तीव्र. त्या ओळखणं, सांगणं आणि आवरणं त्यांना जड जातं. व्यायामाची मदत होते ती इथे.

२०२० साली हाँगकाँगमधल्या एका अभ्यासात ८ ते १२ वर्षांची २७ ऑटिस्टिक मुलं होती. त्यातल्या एका गटाला १२ आठवडे जॉगिंग करायला लावलं. दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांना भावना सावरणं थोडं सोपं झालं, वागण्यातल्या अडचणीही कमी झाल्या. त्याआधी २०१२ मध्ये इराणमधल्या ३० मुलांच्या अभ्यासात १४ आठवडे कराटेचे काता शिकवल्यावर हात फडफडवणं, डोलणं अशा त्याच त्या हालचाली कमी झाल्या. अभ्यास लहान आहेत, त्यामुळे व्यायामाने ऑटिझम 'बरा' करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आमच्या मते अशा हालचाली बंद पाडणं हा हेतूही नसावा. कित्येकदा मूल त्यातूनच स्वतःला शांत करत असतं.

मग सुरुवात कशी करायची? रोज एकच वेळ, एकच जागा, एकच माणूस. पहिले काही दिवस दहा मिनिटंही पुरे. तोंडी सूचना कमी द्या, स्वतः करून दाखवा. चालणं, धावणं, बैठका, पाणी असं क्रमाने चार चित्रं भिंतीवर लावली की पुढे काय येणार हे मुलाला कळतं, आणि निम्मी घालमेल तिथेच कमी होते. भिंत ढकलणं, पाण्याची छोटी बादली उचलून नेणं, दोरी ओढणं ही जोर लावायची कामं बऱ्याच मुलांना आवडतात. तालमीत न्यायचं असेल तर वस्तादांशी आधी बोलून शांत वेळ ठरवा. शड्डूचा आवाज आणि अंगाला लागणारी माती काहींना अजिबात सोसत नाही. जबरदस्ती केली तर व्यायामाचीच भीती बसते.

व्यायामानंतर दोन मिनिटं बसून विचारा, "आता छातीत धडधडतंय का? दमलास का?" बोलता न येणाऱ्या मुलाला हसऱ्या, चिडलेल्या, दमलेल्या चेहऱ्यांची चित्रं दाखवा. शरीरात काय होतंय ते ओळखता आलं की राग चढतोय हेही हळूहळू ओळखता येतं.

उसाच्या रानात विहिरी आणि कालवे असतात. ऑटिझम असलेली काही मुलं न सांगता निघून जातात, पाण्याकडे ओढलीही जातात, म्हणून धावायला एकटं सोडू नका. फिट येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. रमजानमध्ये झोप-जेवणाच्या वेळा बदलतात आणि त्या महिन्यात मूल जास्त चिडू शकतं. घर सहरीला उठलं तरी मुलाची व्यायामाची वेळ बदलू नका.

मुलींनाही हे सगळं तितकंच लागतं. अंगण नसेल तर गच्ची चालेल, पण कठडा उंच हवा आणि सोबत मोठं माणूस.

निदान मात्र डॉक्टरांकडूनच करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडी आणि सरकारी शाळांत तपासणीला येतात, त्यांना मुलाबद्दल सांगा. तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं जातं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्ड मिळतं. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात.